सीलबंद भात

या उद्योगात कोणाला काय मिळायचं होतं, ते आधी मांडून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की मी हे सगळं विज्ञानाच्या प्रेमापोटी केलं.

माझ्या बाजूला होते सरपणाचे महिन्याकाठी अडीच रुपये आणि थोडी कीर्ती. कीर्तीची किंमत मी लावली नव्हती, पण ती अडीच रुपयांहून जास्त धरून चाललो होतो. माझ्या बायकोच्या, प्रेमिलेच्या बाजूला होते रोजचे पाच तास, सकाळी अकरा ते दुपारी चार. आणि माझ्या आत्या धुरपताबाई यांच्या बाजूला मी शून्य लिहिलं होतं. आत्याबाईंना यात ना नफा ना तोटा. साऱ्या हिशेबात हा एकच आकडा चुकला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

गोष्ट एकावन्न सालच्या उन्हाळ्यातली. गोंदिया तेव्हा मध्यप्रदेशात होतं, राजधानी नागपूर होती आणि धानावर सरकारचं कंट्रोल होतं, परवानगीशिवाय ते नेता-साठवता येत नसे. मी जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या सभेच्या, कचेरीत जमाखर्च लिहीत होतो. कचेरी घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे दीडच्या सुट्टीत मी घरी येऊन जेवत असे. सकाळची भाजी चालते, वरण चालतं; भात मात्र ऊनच लागतो. आमच्याकडे गार भात वाढला की घरचा माणूससुद्धा व्याह्यासारखा रुसून बसतो.

मूळ एका चार आण्यांच्या पुस्तिकेत होतं. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत ती मी घेतली. वर छापलं होतं, घरबसल्या करण्याच्या एकशे एक युक्त्या. कर्त्याचं नाव असलेलं पान फाटलं होतं, आणि अनुभवांती माझा असा संशय आहे की ते त्यानेच फाडलं असावं. युक्ती अकरा म्हणजे धानाच्या तुसाची राख, कापूर आणि मीठ यांचं दंतमंजन. ते आम्ही तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी प्रेमिलेने त्याने पितळेचा पाण्याचा गुंड घासून पाहिला. तो असा लखलखला की आत्याबाईंनी मंजनाची बरणी उचलून भांड्यांच्या कोनाड्यात नेऊन ठेवली आणि आमचे दात पुन्हा कडुलिंबाच्या काडीवर आले. युक्ती सत्तावीस म्हणजे काजळी आणि मेण यांचं बूटपॉलिश. त्याने बूट काळे झाले, हे मान्य केलं पाहिजे. धोतरही झालं.

तरी माणूस सुधारत नाही. मी युक्ती त्रेसष्टवर आलो. तिचं नाव बिनविस्तवाची पेटी. लाकडाच्या खोक्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरावं, मधे भांड्यापुरती जागा ठेवावी. तांदूळ चुलीवर ठेवून एक कढ आणावा, भांडं झाकणासह त्या जागेत बसवावं, वरून गोधडीची उशी दाबावी आणि पेटी बंद करावी. आतली ऊब बाहेर जात नाही आणि भात आपल्या आपण शिजतो. तीन तास पेटी उघडू नये. शेवटी लिहिलं होतं, ‘गृहिणीने तेवढा वेळ सत्कार्यात घालवावा.’

मी सरपण वाचेल हे वाक्य दोनदा वाचलं. प्रेमिलेने हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, आणि डाळीच्या डब्याखालून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. गावातल्या मुलींच्या शाळेत जुलैपासून शिक्षिकांचा वर्ग निघणार होता, त्याचा तो अर्ज. वेळ अकरा ते चार. प्रेमिला सातवी पास होती. अर्ज तिने आणून पंधरा दिवस झाले होते. भरला नव्हता, कारण दुपारचा भात कोण पाहणार या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आत्याबाईंच्या डोळ्यांना धूर सोसत नसे, त्यांनी चूल सोडून चार वर्षं झाली होती.

पण निकाल आत्याबाईंचाच चाले. त्या चिचगडकडच्या. तिकडच्या शेतातला त्यांचा वाटा दर साली परवानगीच्या कागदासह आमच्याकडे येई. म्हणजे घरात शिजे तो भात त्यांचा, आणि भाताविषयी शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांनी पुस्तिकेतलं चित्र पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग प्रेमिलेकडे पाहिलं.

“चुलीपाशी बाई नाही अन् भात शिजून राहिला, हे मले पटत नाही,” त्या म्हणाल्या. “जेठाच्या पुनवेले मी तुमच्या पेटीतला भात खाईन. मोकळा निंगाला त जाय म्हणा तिले शाळंत. नाही निंगाला त अर्ज चुलीत.”

पौर्णिमेला चोवीस दिवस होते. अर्जाची मुदत तिच्यानंतर दोन दिवसांनी संपत होती. परीक्षक एकच, आणि त्याच्या निकालावर अपील नाही.

किराणा बाजारातून चहाचं रिकामं खोकं बारा आण्यांना आणलं. तणीस आत्याबाईंच्या गावाहून आलेलं घरात होतंच, तांदळाची पोती त्याच्यावर रचलेली असत. बिजागऱ्या लावल्या, कडी बसवली, आणि पहिला भात निघाला तो चहाच्या वासाचा. भिंतीपलीकडच्या सुशिलाबाईंनी एक घास चाखून, साखर वेगळी घ्यायची काय, असं विचारलं. खोकं तीन दिवस उन्हात उघडं टाकलं तेव्हा वास गेला, पण तणसात राहिलेल्या लोंब्यांच्या शोधात उंदीर आले. उंदीर हाकलले तर सुशिलाबाईंची कोंबडी आत शिरली. तिने तिथे काय केलं हे आम्हाला कळलं नाही. भांडं ठेवलं, उशी दाबली, आणि तीन तासांनी भात उचलताना खालून एक अंडं निघालं, छान उकडलेलं. आत्याबाईंनी तो भात घराबाहेर काढला, पेटीवर तुळशीचं पाणी शिंपडलं आणि त्या दिवशी पोहे खाल्ले. सुशिलाबाई मात्र अंडं मागायला आल्या. त्यांचं म्हणणं, अंडं त्यांचं होतं आणि शिजवायला त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून कच्चंच परत हवं. एक आणा देऊन मिटवलं.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. पुस्तिकेच्या कर्त्याला तो पडला नव्हता, कारण तो भातात पाणी मोजून घालणाऱ्या कुठल्यातरी गावचा असणार. त्याने एकास दोन असं लिहून टाकलं होतं. आमच्याकडे कोणी मोजत नाही. भांडंभर पाणी उकळायचं, तांदूळ सोडायचा, दाणा शिजला की झाकण दाबून भांडं तिरकं करायचं आणि उरलेलं दाट पाणी, म्हणजे पेज, काढून घ्यायची. जास्तीचं पाणी असं निघूनच जातं, तर मोजायचं कायले. पण बंद पेटीत भांडं तिरकं करायला कोणी बसलेलं नसतं. एकास दोन पाणी घातल्यावर जे निघालं ते पाहून आत्याबाई म्हणाल्या, याच्यानं भिंत चांगली लिंपता येईन.

तेव्हा मी विचारत सुटलो. तांदूळ किती पाणी पितो, हे आत्याबाईंना विचारलं. गाय किती हवा खाते असं मी विचारल्यासारखं त्यांनी पाहिलं. सुशिलाबाईंना विचारलं, त्या अजून अंड्यावर होत्या. त्यांचे यजमान उदाराम लाखेच्या कारखान्यात हजेरी मांडत आणि उरलेल्या वेळात पुढारीपण करत. येत्या निवडणुकीत आपल्याला तिकीट मिळणार अशी त्यांची खात्री होती. ते म्हणाले, हा प्रश्न वरच्या पातळीवर मांडायला हवा. शेवटी घरमालक मुन्नालालजींना विचारलं. त्यांची तांदळाची दलाली. रायपूरपासून नागपूरपर्यंतचे भाव त्यांना पैशासकट पाठ. ते म्हणाले, “बाबूजी, चावल बेचते चालीस साल हो गए, ये बात तो कभी सूझी नहीं.”

मला नवल वाटलं. सगळं गाव धान पिकवतं, कांडतं, विकतं, दोन्ही वेळा खातं, आणि एक फुलपात्र तांदूळ किती फुलपात्री पाणी पितो हे एकालाही माहीत नाही. इथून अडीच रुपये माझ्या डोक्यातून गेले आणि खरं कुतूहल शिरलं. मी वही केली. तारीख, तांदूळ, पाणी, निकाल. निकालाच्या रकान्यात गारा, चिखल, खडे, पुन्हा गारा असे शब्द आहेत. एके ठिकाणी नुसतं ‘नको’ लिहिलं आहे. तो जेवण संपवून लिहिलेला शेरा आहे. नववा दिवस उजाडला तेव्हा सापडलं. तांदूळ त्याच सालचा, नवा होता, त्याला तहान कमी. एकास दीड. त्या दिवशी दाणा दाण्याला चिकटला नाही. प्रेमिलेने ताट वाढलं आणि डाळीचा डबा उचलून कागद जागेवर आहे ना हे पाहिलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच तांदळाचा, त्याच मापाचा भात कधी मोकळा निघे, कधी अर्धा कच्चा. वहीत एका ओळीला दुसरी ओळ जुळेना.

आणि त्याच सुमाराला शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. हेही नवलच होतं. मंजनाच्या वेळी कोणी आलं नाही, पॉलिशच्या वेळी धोतर पाहूनही कोणी हसलं नाही. पण पेटीवर मात्र सगळ्यांचा डोळा. मुन्नालालजी चार वर्षांत भाड्याखेरीज दुसऱ्या कामाला आमच्या ओसरीवर चढले नव्हते. ते येऊन बसले आणि तणसाला आग कशी लागते हे सांगू लागले. मी म्हटलं, पेटीत विस्तवच नसतो. ते म्हणाले, विस्तव नसताना लागलेली आग जास्त वाईट, कारण ती कोणी विझवायला तयार नसतं. सुशिलाबाईंनी सांगितलं की कोंडून ठेवलेल्या भाताने पोट कोंडतं, आणि त्यांच्या माहेरी अशा एका बाईचं कोंडलं होतं ते अजून सुटलेलं नाही. उदाराम म्हणाले, पेटीची नगरपालिकेत नोंद करून घ्या. कोणती नोंद आणि कोणत्या रजिस्टरात हे त्यांना सांगता येईना, पण नोंद नसली तर पुढे त्रास होतो एवढं त्यांनी तीनदा सांगितलं. मला एकाच गोष्टीचं कोडं पडलं. माझा भात कसा शिजतो याच्याशी या लोकांचं काय अडलं होतं?

ते एका रविवारी कळलं. मी घरी होतो आणि बाराच्या सुमारास परसात गेलो. मागच्या बुटक्या भिंतीवर तीन भांडी ओळीने ठेवलेली होती. एक मुन्नालालजींच्या घरचा पितळी डबा, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. एक सुशिलाबाईंचा कान तुटलेला चिनी मातीचा मग. आणि एक आमच्याच घरचा कासंडा, आत्याबाईंचा. तिन्ही रिकामे. मी उभा राहून पाहत होतो, तेवढ्यात मुन्नालालजींची मोलकरीण आली, डब्यात डोकावली, तो पालथा करून हलवला आणि नेला. मग सुशिलाबाई आल्या, मला पाहून मगात बोट फिरवून तो जणू धुवायलाच ठेवला होता असं दाखवलं, आणि गेल्या. आत्याबाई आल्या नाहीत. त्या दारातूनच कासंड्याकडे पाहून परत फिरल्या.

चार वर्षं रोज दुपारी बारा वाजता आमच्या भिंतीवर पेजेची वाटणी होत होती, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला तिचा पत्ता नव्हता, कारण घरचा कर्ता पुरुष दीड वाजता येत होता आणि रविवारी दुपारपर्यंत बाजारात असे. एक भाग मुन्नालालजींच्या वासराला, गाय आटल्यापासून ते त्यावरच होतं. एक भाग उदारामजींच्या टोपीला. त्यांची खादीची टोपी गोंदियात प्रसिद्ध होती, पंख्याच्या पात्यासारखी उभी राहायची, आणि ती आमच्या पेजेच्या खळीवर उभी होती. तिसरा भाग चिमूटभर मीठ घालून आत्याबाई पीत. त्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागत नसे. पेटी आली, पाणी मोजून पडू लागलं, आणि भिंतीवरची तिन्ही भांडी कोरडी राहिली. वासरू ओरडू लागलं, टोपी बसली, आत्याबाई दुपारभर कुशी बदलत राहिल्या. पण फुकटच्या पेजेचा हक्क तोंडाने कोण मागणार? म्हणून आग, पोट आणि नगरपालिका.

मी आत येऊन प्रेमिलेला विचारलं, तुला हे ठाऊक होतं?

“ओततच होते ना मी,” ती म्हणाली.

मग बोलली का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, तुम्ही वहीत लिहीत होता, मधे बोललं असतं तर आकडा चुकला असता.

आता कच्च्या भाताचंही कोडं सुटलं. त्याच दिवशी जेवताना मी आत्याबाईंच्या अंबाड्याकडे नीट पाहिलं. त्यात तणसाची एक काडी होती, चांगली वीतभर. पेटी लावून प्रेमिला धुणं धुवायला गेली की आत्याबाई ती उघडून आत पाहत होत्या. मी काडीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती काढली, पाहिली आणि शांतपणे सांगितलं की झाकून टाकलेला जीव गुदमरला काय हे पाहावं लागते. भाताला जीव असतो काय, असं मी विचारलं नाही. ज्याला पेज मिळत नाही त्या परीक्षकाकडून भाताची परीक्षा घ्यायची होती, आणि पेपर फुटू नये म्हणून पेटीवर पहाराही त्याचाच. वहीवरून हिशेब केला तर अर्ज चुलीत जाणार हे स्पष्ट दिसत होतं. मी तसं प्रेमिलेला म्हणालोही. ती त्या वेळी शाईची दौत शोधत होती. पौर्णिमेला किती दिवस उरले, एवढंच तिने विचारलं. पाच होते.

पौर्णिमेला मी किरकोळ रजा घेतली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं. भात पाहणे असं लिहिण्याचं धाडस झालं नाही. साडेदहाला प्रेमिलेने एक कढ आणला, भांडं बसवलं, उशी दाबली, कडी लावली. आत्याबाई पेटीपासून दोन हातांवर पाट घेऊन बसल्या. आणि तेवढ्यात दारात धान्यपुरवठा खात्याचे इन्स्पेक्टर उभे राहिले, मागे मंगरू नावाचा चपराशी.

इन्स्पेक्टर तरुण होते, जबलपूरकडचे, नुकतेच लागलेले, त्यामुळे सगळं नियमाने करणारे. त्यांच्याकडे एक अर्ज आला होता. खाली सही नव्हती. त्यांनी तो मला वाचून दाखवला, आणि मला आजही तो तोंडपाठ आहे, कारण त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. या घरात तणसाने भरलेली एक पेटी आहे. तीत रोज तांदूळ ठेवतात. ती ठरावीक वेळ कोणाला उघडू देत नाहीत. पौर्णिमेस सकाळी साडेदहास ती भरलेली असेल. पंच म्हणून शेजारी उदाराम व घरमालक मुन्नालाल या प्रतिष्ठित गृहस्थांना घ्यावे.

“लिखावट देखिए,” इन्स्पेक्टर म्हणाले. “हमारे दफ़्तर में ऐसी किसी की नहीं।”

मी अक्षर पाहायच्या मनःस्थितीत नव्हतो. परवानगीचा कागद ट्रंकेतून काढून दाखवला. तो त्यांनी मान्य केला, पण पोत्यांपुरता. पेटीचा उल्लेख त्यात नव्हता. मी सांगितलं की पेटीत भात शिजतो आहे. त्यांनी पेटीला हात लावला, चोहोबाजूंनी फिरून धूर पाहिला. धूर नव्हता, निखारा नव्हता, चूल तिकडे कोपऱ्यात थंड होती. चुलीपाशी बाई नाही आणि भात शिजतो आहे, हे आत्याबाईंप्रमाणे त्यांनाही पटलं नाही. उघडा म्हणाले. मी म्हटलं, दीड वाजेपर्यंत उघडता येत नाही, बिघडेल. हे वाक्य बोलून झाल्यावर मला कळलं की साठेबाजसुद्धा असंच बोलत असेल.

पण पंचांशिवाय उघडायचं नाही हा नियम त्यांनाच आड आला. उदाराम कारखान्यात, मुन्नालालजी बाजारात. इन्स्पेक्टरांनी सुतळी मागितली, पेटीला आडवी-उभी बांधली, गाठीवर लाख वितळवून सरकारी मोहर दाबली, मंगरूला बाजूला बसवलं आणि सायकलवरून पंचांना शोधायला गेले.

पुढचे अडीच तास मी माझ्याच ओसरीवर आरोपीसारखा बसलो. गल्लीत माणसं जमली. अकरा वाजता पेटीत एक मण तांदूळ होता, साडेअकराला तीन मण झाला, आणि बाराला कोणीतरी चहाचं खोकं पाहून चोरटा चहा आहे असं ठरवलं. जनपद सभेच्या जमाखर्चाचा कारकून स्वतःच्या घरात सुतळीने बांधलेल्या खोक्यासमोर बसला आहे, हे पाहायला आमच्या कचेरीतले दोघे मुद्दाम लांबच्या वाटेने गेले.

आत्याबाईंनी मात्र प्रयत्न सोडला नाही. त्यांनी पाट एक हात पुढे सरकवला. मग आणखी एक वीत. मंगरू म्हणाला, माय, हात नोको लावू, सरकारी आहे.

“भात आमचा, पेटी आमची,” आत्याबाई म्हणाल्या, “अन् सरकार मंधात कोठून आलं गा?”

मंगरूने लाखेवरच्या मोहरेकडे बोट दाखवलं. आत्याबाईंनी ती मोहर बराच वेळ निरखली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाचंतरी ऐकून मागे सरकल्या. प्रेमिला या सगळ्या वेळात आतल्या खोलीत खाली मान घालून लिहीत होती. मी जाऊन पाहिलं तर ती वर्गाचा अर्ज भरत होती. मी म्हटलं, आज घरावर काय आलं आहे आणि तुला हे सुचतं? वडिलांच्या नावाच्या रकान्यात टाक न थांबवता ती म्हणाली, की मुदत परवा संपते.

बरोबर दीडला इन्स्पेक्टर दोन्ही पंचांना घेऊन आले. मुन्नालालजी घामाघूम, आणि उदारामजींच्या डोक्यावर ती टोपी, भिजल्या रुमालासारखी. मोहर तपासली, शाबूत. सुतळी कापली. कडी काढली, उशी उचलली, झाकण बाजूला केलं.

वाफ आली ती थेट इन्स्पेक्टरांच्या चष्म्यावर. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं. भांड्यात भात होता, पांढरा, सुटा, दाणा उभा. गल्लीतली माणसं टाचा उंचावून पाहत होती. इन्स्पेक्टरांनी हात घालून तळापर्यंत तणीस उपसलं, खाली तणीसच होतं. मग ते पाटावर बसले आणि पंचनामा लिहू लागले, आणि इथे त्यांचा नियम कामाला आला. पेटीत भात असं लिहिलं तर तो शिजलेला की कच्चा, हे लिहायला हवं. आणि ते लिहायचं तर घरच्या जाणत्या व्यक्तीचा जबाब हवा. ते आत्याबाईंकडे वळले. “माताजी, आप देखकर बताइए. पका है?”

चोवीस दिवसांचा सगळा मामला त्या एका प्रश्नावर येऊन उभा राहिला. प्रेमिला आतल्या दाराशी आली होती, हातात भरलेला अर्ज, शाई अजून ओली. आत्याबाईंनी भाताचा एक दाणा उचलला, अंगठ्याखाली दाबला. मग दुसरा. शेत त्यांचं, तांदूळ त्यांचा. गल्लीदेखत त्याला कच्चा म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

“शिजला,” त्या म्हणाल्या. “मोकळा आहे. लिवा.” आणि मग चोवीस दिवस दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं. “पण पेज कोठं आहे?”

इन्स्पेक्टरांना पेज म्हणजे काय ते कळेना. “मांड, साहब, मांड,” मुन्नालालजी पंच असल्याचं विसरून पुढे झाले आणि वासराची हकिकत सांगू लागले. उदारामजींनी टोपी काढून पुरावा म्हणून पुढे धरली. सुशिलाबाई भिंतीवरून मग दाखवत होत्या. इन्स्पेक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि नियमाने जे दिसलं तेच लिहिलं: पेटीत शिजलेला भात, अंदाजे सव्वा शेर, मोकळा, खाण्यास योग्य; पेज आढळून आली नाही. खाली दोन्ही पंचांच्या सह्या आणि आत्याबाईंचा अंगठा. मग ते आमच्याकडेच जेवले, आणि जाताना पाण्याचं माप वहीत उतरवून घेऊन गेले.

आत्याबाई शब्दाच्या पक्क्या. संध्याकाळी त्यांनी प्रेमिलेला सांगितलं, जाय. मग माझ्याकडे पाहिलं. भात पेटीत शिजणार, बाई शाळेत जाणार, हे त्यांना मान्य होतं. पेज कोण काढणार, एवढंच ठरायचं होतं. ओसरीवर मुन्नालालजी आणि उदाराम अजून बसले होते. आता हक्क उघड झाला होता, त्यामुळे ते उठायला तयार नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते. तांदूळ आणि पाणी यांचा एवढा अभ्यास दुसऱ्या कोणाचा नव्हता, असं उदाराम म्हणाले.

तेव्हापासून सकाळी साडेपाचला मी चूल पेटवत आलो. दोन मुठी तांदूळ, भांडंभर पाणी, न मोजता. सहाला तीन भांडी भिंतीवर ओळीने उभी, तिन्ही भरलेली.

आता शेवटची मांडणी. पेटीत सरपण वाचलं महिन्याला अडीच रुपयांचं, पेजेला लागलं महिन्याला अडीच रुपयांचं. पुस्तिका चार आणे, खोकं बारा आणे, अंडं एक आणा, सगळे माझे. किरकोळ रजा एक, माझी. सकाळची दीड तास झोप, रोजची, माझी. मुन्नालालजींचं वासरू धष्टपुष्ट झालं, त्यांनी काही दिलं नाही. उदारामजींची टोपी पुन्हा उभी राहिली. तिकीट मिळालं नाही, पण तो खर्च पक्षाचा. आत्याबाईंना पूर्वी दुपारी गार झालेली पेज मिळे, आता सकाळी ऊन मिळते, आणि कासंड्याच्या जागी त्यांनी त्याहून मोठा लोटा ठेवला आहे. प्रेमिला दोन वर्षांनी वर्गातून बाहेर पडली ती शिक्षिका होऊन. निकालासोबत तिला एक बक्षीस आणि प्रमाणपत्र मिळालं, सुंदर हस्ताक्षराबद्दल.

ते प्रमाणपत्र मी हातात धरून पाहिलं. खाली मिळाल्याची म्हणून तिने सही केली होती, तिचं अक्षर निरखलं, आणि इन्स्पेक्टर वाचत होते तो बिनसहीचा अर्ज आठवला. प्रेमिला समोर बसून तांदूळ निवडत होती आणि वर पाहत नव्हती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक रकाना काढावा लागला असता, आणि माझ्या खर्चाच्या बाजूला जागा उरली नव्हती.